बारा पंचवीसची घंटा

महिपती शिपायाला देवानं उंची दिली नव्हती, रूप दिलं नव्हतं, आणि शाळा तर सातवीतच त्याला कंटाळली होती. पण हात दिला होता. उल्हासनगरातल्या त्या कॉलेजात बत्तीस वर्षं घंटा त्याच्याच हातची. परातीएवढी, चपटी, पितळेची घंटा जिन्याखाली टांगलेली असायची आणि शेजारी खुंटीला लाकडी मोगरी. मध्ये एकदा विजेची बेल बसवली. नारळ फोडला, पेढे वाटले. पण ती मेली दिवे गेले की मुकी व्हायची आणि दिवे आले की भलत्याच वेळी बोंबलायची. सहा महिन्यांत तिच्यात चिमणीनं घर केलं आणि महिपतीला पुन्हा बोलावणं आलं. "सवत काही नांदली नाही," असं म्हणून त्यानं मोगरी पुसून हातात घेतली.

पेपर सुटायची त्याची घंटा तर ऐकण्यासारखी. आधी लाह्या फुटल्यासारखे भराभर टोल, मग एक दम, आणि मग एकच टोल, जड. पोरं त्याला 'काकांचा शेवटचा' म्हणायची. तो पडला की पेन खाली. अर्धं अक्षर कागदावर आणि अर्धं बोटात राहिलं तरी खाली. सुपरवायझरसुद्धा मनगटाकडे बघायचे नाहीत. "काकांनी दिली ना? मग झाला वेळ." बदलापुरात शिरगावला दोन खोल्यांचं घर, लग्न होऊन गेलेली एक लेक, आणि ही घंटा. माणसाला अभिमान कशाचा तरी लागतोच, महिपतीनं तो घंटेचा धरला होता. बायको बनूबाई म्हणायची, "माझ्या हाकेला कधी ओ दिली नाहीत, त्या पितळेला मात्र रोज तेल लावता."

त्या वर्षी फेब्रुवारी संपता संपता संप लागला. शिकवणारे नव्हेत, शिपाई, क्लार्क, लायब्ररीतले, लॅबमधले, असे सगळे बाकीचे. मागण्या खोट्या नव्हत्या. महिपतीच्या जोडीचा एक गडी अठरा वर्षं 'हंगामी' म्हणून झाडू मारत राहिला आणि हंगामीच मेला. बायकोला एक शाल मिळाली आणि श्रीफळ. महिपतीनं ती बाई शाल मांडीवर घेऊन बसलेली पाहिली होती. म्हणून तो संपात उतरला तो मनापासून.

पहिल्याच दिवशी त्यानं एक काम केलं, जे दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. घंटा आकड्यावरून काढली, खांद्यावर घेतली आणि गेटबाहेरच्या मांडवात आणून बांबूला टांगली. त्याच्या मनात एवढंच की आपण बाहेर आणि ही आत, उद्या कुणी वॉचमन हिला हातोडीनं बडवेल. हेडक्लार्क शंकरराव युनियनचे सेक्रेटरी. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "बघा रे, घंटासुद्धा संपावर!" समोरचा चहावाला मुकेश, सिंधी माणूस, जिभेवर साखर आणि चहात कमी. तो गाडीवरूनच ओरडला, "काका, इसको भी हार पहनाओ. ये भी तो बत्तीस साल से लटकी हुई है!" मांडव हसला. महिपतीनं खरंच झेंडूचा हार घातला. चहाची वेळ झाली, घोषणा द्यायच्या झाल्या की तो एखादा टोल द्यायचा. मजेत चाललं होतं, खोटं कशाला बोला.

आत मजा नव्हती. लायब्ररीला कुलूप. हॉल तिकिटावर नाव एकाचं आणि फोटो भलत्याचा, दुरुस्त करणारा माणूस मांडवात. लॅबच्या कपाटाची चावी शंकररावांच्या खिशात आणि पोरांच्या वह्या कपाटात. एक दिवस अस्मिता मांडवात आली. अंबरनाथची पोरगी, तिसऱ्या वर्षाला. बाप आनंदनगरच्या कारखान्यात मशिनवर, घरात कॉलेज पाहिलेली ही पहिलीच. लेक्चर नसलं की जिन्याखाली घंटेजवळच वाचत बसायची, म्हणून महिपती ओळखायचा.

"काका, लायब्ररीचं पुस्तक माझ्याकडेच राहिलंय. दंड लागेल का?"

"संपात दंड नसतो गं पोरी."

"आणि अभ्यास?"

मुकेशनं उगाच ग्लास विसळले. पोरगी हसली आणि निघून गेली. तिला ठाण्याच्या एका बँकेचं पत्र आलं होतं. जुलैअखेरपर्यंत पास झाल्याचा कागद आणा आणि रुजू व्हा. हे महिपतीला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तरी संप काही थांबला नसता.

मार्चअखेर कॉस्टिंगचा पेपर होता. संपवाल्यांचा परीक्षेवर बहिष्कार, तरी कॉलेजनं पेपर घ्यायचं ठरवलं. बाहेरून तासावर शिकवणारी कोवळी पोरं सुपरवायझर म्हणून आणली आणि नियमाप्रमाणे त्यांचे मोबाइल ठेवून घेतले; मनगटी घड्याळ हल्ली पोरांत कुणाकडे असतं? वर्गातली घड्याळं सेल संपून केव्हाच थांबली होती, कारण सेल बदलायचं कामही महिपतीचंच. परीक्षेच्या मॅडम एकट्या मजल्यामजल्यावर धावत वेळ सांगत होत्या. सात नंबरची खोली गेटला लागून, खिडक्या रस्त्याकडे. मांडवापासून चार पावलं.

बारा वाजून गेले होते. मांडवात पेंग आलेली. एवढ्यात शंकररावांचा फोन वाजला. ते ऐकता ऐकता उभे राहिले आणि खुर्चीवर चढले. "बोलणी सुरू झाली! लेखी पत्र निघतंय! महिपती, दे दणका!"

महिपतीनं मोगरी उचलली. बत्तीस वर्षांत आनंदाची घंटा कशी द्यायची हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. हाताला लांबलचक घंटा एकच ठाऊक होती. त्यानं तीच दिली. लाह्या फुटल्या, दम घेतला, आणि शेवटचा पडला.

मांडवात एकमेकांना मिठ्या मारणं चाललेलं. मग त्याला सात नंबरची पोरं दारातून बाहेर येताना दिसली. पहिल्यांदा तर त्याला बरंच वाटलं, सोपा गेला वाटतं पेपर. मग त्यानं मनगट वर केलं.

बारा पंचवीस. पेपर एकला सुटायचा होता.

सगळ्यांच्या पुढं अस्मिता होती. पायरीवर आली आणि थबकली. पायाखालच्या उन्हाकडे बघितलं. वरच्या मजल्याकडे बघितलं, तिथं खिडकीतून लिहिणाऱ्यांची डोकी दिसत होती. मग हार घातलेल्या घंटेकडे, आणि मग त्याच्याकडे. डोळ्यांत राग नव्हता. रस्ता चुकलेलं माणूस ज्यानं वाट दाखवली त्याच्याकडे बघतं, तशी बघत राहिली.

चोवीस पोरं होती. दोघंतिघं परत आत धावली, पण एकदा खोलीबाहेर पाय पडला की परत घ्यायचं नाही असा नियम. कोवळ्या सरांनी गठ्ठा बांधलासुद्धा होता. रजिस्टरात 'एक वाजता' असं छापलेलंच होतं, त्याच्यापुढं घामेजल्या हातानं सही केली. शंकररावांनी सगळं पाहिलं. त्यांनी महिपतीच्या हातातली मोगरी काढून घेतली आणि हळूच म्हणाले, "आपण परीक्षेला हात लावलेला नाही. कळलं? ही आपली मांडवातली घंटा."

संप मिटला. पुरतं काही मिळालं नाही, पण काही तरी मिळालं. घंटा परत जिन्याखाली गेली. महिपती मात्र पुरता आत गेलाच नाही.

रोज बारा पंचवीसला त्याच्या कानात शेवटचा पडायचा. कॉलेजला सुट्टी असो, नसो. शिरगावच्या घरी जेवायला बसलेला असला तरी घास थांबायचा, हात वर जायचा आणि नजर दाराकडे, कोण बाहेर येतंय ते बघायला. बनूबाईनं आधी दृष्ट काढली. मग डॉक्टर केला. मग म्हणाली, "कुणी मेलं का तिथं?"

"नाही."

"मग भूत कशाचं धरून बसलाय?"

"जिवंताचंच आहे," तो म्हणाला आणि ताटावरून उठला. बनूबाई त्या उरलेल्या भाताकडे बघत बसली. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं भात टाकलेला तिनं पाहिला नव्हता.

मे महिन्यात खोल्या धुवायचं काम निघालं. सात नंबरमध्ये खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर त्याला पेनाची एक निळी रेघ दिसली, कागदावरून घसरून लाकडावर आलेली. बाकावर रेघोट्या काय कमी असतात? नावं असतात, बदाम असतात, मास्तरांचे उद्धार असतात. पण ही रेघ त्याला वाचता आली. त्यानं ओलं फडकं मारलं. साबण लावला. दुसऱ्या दिवशी काथ्यानं घासली. लाकूड पांढरं झालं, रेघ आतून निळीच. पुढं तो त्या खोलीत गेला की भिंतीच्या कडेनं जायचा, त्या बाकावर कुणी बसलंय आणि आपला धक्का लागेल अशा बेतानं.

संपामुळं निकाल रखडला, तो जुलैत लागला. अस्मिताला कॉस्टिंगमध्ये तीस हवे होते, सव्वीस पडले. पंधरा मार्कांचं मोठं गणित तिनं वेळ लागतो म्हणून शेवटी ठेवलं होतं. सात नंबरमधली आणखी दोघं गेली, पण ती इतर विषयांतही गेली होती म्हणून गप्प बसली. बाकीची कशीबशी तरली, आणि तरलेलं माणूस मागं वळून पाण्याकडे बघत नाही.

तिनं तक्रार केली. आता गंमत बघा, त्या तक्रारीची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर न्यायची कुणी? महिपतीनं. ऑफिसात काम करून करून त्याला फायली हाताला हलक्या-जड लागायच्या, ही छातीवर धोंडा ठेवल्यासारखी लागली. जिन्याच्या वळणावर थांबून त्यानं ती उघडली. मराठीत होती. 'आम्हाला पस्तीस मिनिटे आधी घंटा ऐकू आली. ती कोणी वाजवली ते मी पाहिले नाही.'

पाहिले नाही! त्यानं ते वाक्य तीनदा वाचलं. पायरीवरून ती सरळ त्याच्याकडे बघत होती आणि लिहिते पाहिले नाही.

वर शेरा पडला: रजिस्टरात वेळ बरोबर आहे, साक्षीदार नाही, संबंधित सर नोकरी सोडून गेले आहेत. गुरुवारी अकरा वाजता तक्रार समितीसमोर शेवटची सुनावणी. गुरुवारी साक्षीदार मिळाला नाही तर फाइल बंद, आणि पोरीचं वर्ष गेलं.

बुधवारी महिपती शंकररावांकडे गेला. "मी सांगून टाकतो."

शंकररावांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. हंगामी गड्याच्या बायकोसाठी दहा हेलपाटे त्यांनीच घातले होते. "महिपती, बस. आपण वर लेखी दिलंय, संपानं परीक्षेत कुठलाही व्यत्यय आणला नाही. तू उद्या म्हणालास घंटा माझी, की छापून येईल, संपवाल्यांनी मुद्दाम पेपर उधळला. जे मिळालंय त्याच्या फायली अजून वर अडकल्यात. वीस जणांच्या आहेत. तुझी नोव्हेंबरात रिटायरमेंट, तुझी पेन्शन..."

"मुद्दाम नव्हतं, साहेब."

"हे मला माहीत आहे. दुसऱ्या कुणाला पटवशील?"

महिपती उठला. घरी आला, न जेवता पडून राहिला. बनूबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती पोरगी कुठली म्हणालात?"

"अंबरनाथची."

"मग अंबरनाथ काय लांब आहे? तुम्ही रोज तिथूनच जाता-येता. रिटायर झाल्यावर रस्ता बदलणार का?" थोडा वेळ शेंगा फुटत राहिल्या. मग ती म्हणाली, "पेन्शन येऊन मी तुम्हाला भात वाढायचा आणि तुम्ही बारा पंचवीसला टाकायचा. मला नाही बाई जमणार."

गुरुवारी महिपतीच्याच तोंडून पुकारा झाला, "अस्मिता, आत या." पोरगी आली. वाळली होती. त्याच्याकडे तिनं बघितलं नाही. परीक्षेच्या मॅडम मध्ये, दोन्ही बाजूंना दोन सर.

"महिपती, दार लावून घ्या," मॅडम म्हणाल्या.

त्यानं दार लावलं, आतून.

"तुम्ही बाहेर थांबा हो."

"घंटा माझी होती, मॅडम."

एका सरांनी चहाचा कप बशीत ठेवला. "कुठली घंटा?"

"बारा पंचवीसची. मांडवात होती, मीच नेली होती. पत्र निघाल्याचा फोन आला, साहेब म्हणाले वाजव... नाही, साहेबांचं नाव नको. हात माझा. आनंदाची द्यायची होती, हातानं सुटायची दिली."

"तुम्ही चार महिने गप्प बसलात?"

"बसलो."

"लिहून द्याल?"

"देतो. फक्त अक्षराला हसू नका."

कुणी हसलं नाही. त्याला खुर्ची दिली. त्या खोलीतली खुर्ची त्यानं बत्तीस वर्षं पुसली होती, बसला पहिल्यांदाच. एक एक अक्षर कोरत तो लिहू लागला. दोन ओळी झाल्या असतील, तेवढ्यात अस्मिता म्हणाली, "त्यात माझंपण लिहा."

"तुझं काय?" मॅडमनी विचारलं.

"सर उठले नव्हते. सर म्हणाले, इतक्यात कशी? थांबा, वर विचारून येतो." पोरगी टेबलाच्या कडेकडे बघून बोलत होती. "मीच म्हटलं, सर, ही आमच्या काकांची आहे. ही कधीच चुकत नाही. मीच पहिला पेपर दिला. माझ्या मागची लिहीत होती, तिचं पेन मी धरलं, म्हटलं ठेव आता, कॉपी केस होईल. तीपण गेली त्या विषयात. मागं दोन विषय होतेच तिचे, पण हा तर नव्हता." जरा थांबून म्हणाली, "ती आता माझ्याशी बोलत नाही."

महिपतीचं पेन कागदावर तसंच टेकून राहिलं, शाई पसरत गेली. चार महिने त्याला वाटत होतं की ही पोरगी त्याच्याकडे बोट दाखवत उभी आहे. आणि ती तिकडं अंबरनाथला, स्वतःच्याच घरात, रोज तोच टोल ऐकत बसली होती. त्यानं जन्मभर जो विश्वास कमावला, त्यानंच पोरीचा घात केला. वाईट वाजवणारा शिपाई असता तर तिनं वर मान करून दुसरं घड्याळ शोधलं असतं.

"पोरी," तो म्हणाला. मॅडमनी नवा कागद दिला.

पुढचं सगळं सरकारी चालीनं झालं. कागद युनिव्हर्सिटीत गेला, तिथं निजला, मॅडमनी चार वेळा जाऊन जागा केला. त्या तिघांचा पेपर ऑक्टोबरात परत घ्यायचा हुकूम निघाला. बँकेनं जुलैअखेरपर्यंत वाट बघितली, मग दुसऱ्या मुलीला घेतलं. अस्मिता आनंदनगरला एका खोक्यांच्या कारखान्यात माल पाठवायच्या नोंदी करायला लागली. महिपतीला मेमो मिळाला आणि पेन्शनच्या कागदांवर 'चौकशी प्रलंबित' असा शिक्का बसला. छापून काही आलं नाही. शंकररावांनी बोलणं मात्र टाकलं. चावी हवी असली तरी दुसऱ्याकरवी मागायचे. याचं महिपतीला वाईट वाटायचं, कारण त्यांचंही चुकलं नव्हतं.

ऑक्टोबरात पेपर सात नंबरमध्येच ठेवला. मॅडम स्वतः सुपरवायझर. महिपती सकाळीच त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला. "आज दुसऱ्या कुणाला द्यायला सांगा."

"नाही. तुम्हीच द्या," मॅडम म्हणाल्या. "आणि वेळेवर द्या."

बारा पंचवीस झाले तेव्हा तो जिन्याखाली दोन्ही हात काखेत दाबून उभा होता. ते पाच-सात क्षण गेले. मग एक वाजेपर्यंत त्यानं डोळे मनगटावरून काढले नाहीत. एक वाजला. त्यानं घंटा दिली, लाह्या, दम, आणि शेवटचा. मोगरी टाकून तो सात नंबरच्या खिडकीशी गेला.

दोघांनी पेनं ठेवली होती. अस्मिताचं हातात होतं. बाकावर तिनं स्वतःचं घड्याळ काढून ठेवलं होतं, नवं, अजून काचेवरचा कागद न काढलेलं. तिनं घड्याळ बघितलं. मग मान वर केली.

"मॅडम, झाला का वेळ?"

"हो गं. झाला."

"नक्की?"

मॅडमनी आपलं मनगट तिच्यासमोर धरलं. तेव्हा तिनं पेन खाली ठेवलं.

बाहेर आली ती त्याच्यासमोरूनच. मागच्या बाकावरची तिची मैत्रीण दुसऱ्या बाजूनं निघून गेली होती.

"बरा गेला, काका."

"सगळं लिहिलंस?"

"वीस मिनिटं आधीच झालं होतं," अस्मिता म्हणाली. "पण बसून राहिले."

कारखान्यात दोनला पोचायचं होतं, ती घाईनं गेटकडे निघाली. महिपतीनं तिला रस्ता ओलांडेपर्यंत बघितलं. मग सात नंबरचे बाक पुसायला आत गेला.